वसईची हिरवी बाजू: एक दिवस, सावलीसावलीने

माझं माहेर डोंबिवलीचं. वसईला सोयरीक जमली तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "तिकडे पाणी येतं का गं रोज?" त्या काळी वसई म्हटलं की मुंबई-ठाण्याच्या माणसाला दोनच गोष्टी आठवायच्या, टँकर आणि विरार लोकल. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मागच्या दाराने वाडीत गेले, तर पाटातून केळीला पाणी चाललेलं आणि सासरे ओल्या हातांनी सोनचाफ्याच्या कळ्या केळीच्या पानात बांधत बसलेले. आईला फोन केला, म्हटलं, पाणी येतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात माहेरचं कुणी ना कुणी "वसई दाखव" म्हणून येतं. सुरुवातीला मी सगळ्यांना थेट समुद्रावर न्यायचे. दोन तास वाळूत बसून, भेळ खाऊन माणसं परत जायची आणि पुढच्या वेळी म्हणायची, "अलिबागलाच जाऊ या." चूक माझी होती. वसईत समुद्र सगळ्यात शेवटी बघायचा असतो. मधली वाडी आधी.

हा लेख त्या मधल्या पट्ट्याचा. स्टेशनबाहेरची वसई म्हणजे उड्डाणपूल, इमारती, मोबाइलची दुकानं. ती बघायला कोणी यायची गरज नाही. पण पश्चिमेला तीन-चार किलोमीटर गेलं की इमारती विरळ होतात आणि दक्षिणेच्या खाडीपासून उत्तरेला अर्नाळ्यापर्यंत, सुमारे पंधरा किलोमीटर, गावाला गाव लागून वाड्या सुरू होतात. वसईगाव, सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी. नारळ, केळी, चाफा, पानवेली आणि त्यांच्या सावलीत कौलारू घरं. जवळून विरार लोकल जाते यावर विश्वास बसत नाही.

कधी यायचं

दिवाळी उलटल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. सकाळी गारवा असतो आणि वाडीत पायाखाली चिखल नसतो. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा सुरू होते. गर्दी सोसत असेल तर ती मुद्दाम गाठा, नाही तर ते दिवस टाळा, कारण रिक्षाच मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात गावोगावी गव्हाणीचे देखावे असतात, घरांवर कागदी तारे लटकतात. माझ्या मते वसई सगळ्यात देखणी दिसते ती २६ ते ३० डिसेंबरला. ३१ तारखेला मात्र येऊ नका. त्या दिवशी किनाऱ्याकडचे रस्ते मुंबईच्या गाड्यांनी तुंबतात.

पावसाळ्याचं म्हणाल तर श्रावणात या, जुलैत नको. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर इतकं पाणी साचलं की गाड्या बंद पडल्या. ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते आजही जुलैत पाहुण्यांना बोलवत नाहीत. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, पण ताडगोळ्यांसाठी येणारे येतातच.

वार शक्यतो शनिवार किंवा साधा कामाचा. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असते, गावं गजबजलेली असतात, आणि अकरानंतर रिसॉर्टला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात.

आणि भरती बघून या. मोबाइलवर मिळते, पण कोळ्यांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला समुद्र मागे हटलेला असतो आणि चालायला लांबच लांब ओली वाळू मिळते. अष्टमीला आलात तर संध्याकाळी पाणी सुरूच्या झाडांजवळ.

कसं पोचायचं

गाडी घरी ठेवा. घोडबंदर रस्ता आणि वर्सोव्याचा पूल यांनी भल्याभल्यांचा दिवस खाल्लाय. लोकलने या. चर्चगेटहून विरार फास्ट किंवा वसई लोकल, सव्वा तास धरा. सकाळी सगळी गर्दी उलट दिशेने, मुंबईकडे चाललेली असते. तुमच्या डब्यात पाय पसरून बसता येतं. भाईंदर सुटलं की दारापाशी नको, खिडकीपाशी या. खाडीवरचा पूल लागतो, मध्ये पाणजू बेटावरून गाडी जाते, पुढे मिठागरं. स्टेशनचा रेल्वेतला कोड अजून बीएसआर आहे, बॅसीन रोड. पोर्तुगीजांचं बसाईं, इंग्रजांचं बॅसीन आणि आपली वसई.

डोंबिवली-कल्याणकडच्यांनी दादरचा फेरा मारू नये. कोपरच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाडी मिळते. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र करत ती वसईला येते. फेऱ्या मोजक्या आहेत, आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. माझी बहीण एकदा न बघता निघाली आणि कोपरच्या फलाटावर दीड तास बसली, वर मलाच बोलणी खावी लागली.

तिसरी वाट मजेची आहे. भाईंदरहून वसई किल्ल्याच्या जेट्टीपर्यंत २०२४ पासून रो-रो बोट सुरू झाली. दुचाकी चढवता येते, आणि खाडीतून येताना किल्ल्याची तटबंदी पाण्याच्या बाजूने दिसते, तशी ती दुसरीकडून कुठूनच दिसत नाही. निघण्याआधी त्या दिवशीच्या फेऱ्यांची खात्री करा.

वसई रोडला उतरलात की पश्चिमेला बाहेर पडा. महापालिकेची बस किंवा शेअर रिक्षा. रिक्षावाल्याला "किल्ला" म्हटलं की तो स्पेशल भाडं सांगतो. "पारनाका" म्हणा आणि शेअरमध्ये बसा. बाभोळा, पापडी, तामतलाव मागे टाकत रिक्षा वसईगावात येते. सुटे पैसे जवळ ठेवा.

सकाळी सात: किल्ला

किल्ला पहिला, कारण नऊनंतर तिथे ऊन लागतं आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात. एका कमानीखाली मी एकदा तीन नवऱ्या रांगेत उभ्या पाहिल्यात, तिघींचे घोळ एकाच दगडावर.

इतिहास थोडक्यात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ते घेतलं. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून खिंडार पाडलं ती लढाई हीच. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची मोठी घंटा वसईहून गेली असं सांगतात. पुढे ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, जो आपण शाळेत पाठ केला आणि विसरलो.

गावातून येणारा रस्ता तटातून आत शिरतो आणि किल्ल्यातूनच जेट्टीपर्यंत जातो. आधी चिमाजी आप्पांचा पुतळा, मग नागेश्वराचं देऊळ. इथवर सगळेच येतात. तुम्ही पुढे आडव्या पायवाटांना लागा. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या गाभाऱ्यात जमिनीवर कबरींच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. पाय टाकताना खाली बघा. एक शिळा मला फार आवडते. तिच्यावरची अक्षरं अर्धी झिजलीत आणि उरलेल्या खाचांत पावसाळ्यात शेवाळ धरतं, त्यामुळे श्रावणात नाव हिरव्या शाईने लिहिल्यासारखं दिसतं. वाचता येत नाही, पण बोटाने गिरवता येतं.

जेसुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून ताठ उभा आहे. इथे दरवर्षी संत गोन्सालो गार्सियांचा सण होतो. ते वसईचेच, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. भारतात जन्मलेले पहिले संत.

शेवटी समुद्राकडच्या दरवाजाजवळचं सेंट जोसेफ. मनोऱ्यात गोल जिना आहे. वाट मोकळी असेल तरच चढा, आणि बॅटरी घेऊनच. मी एकदा मामेभावाला मोबाइलच्या उजेडावर वर नेलं. मध्येच मोबाइल बंद पडला. पायऱ्या झिजून वाटीसारख्या झालेल्या, वर वटवाघळं, खाली त्यांची घाण. आम्ही बसून एकेक पायरी घसरत खाली आलो. पावसाळ्यात तर तो जिना चढूच नका, आणि गवतात शिरून फिरू नका. साप असतात.

किल्ल्याला दोन तास पुरतात. बाहेर पडताना जेट्टीजवळ कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. वास येतो. नाक दाबून फोटो काढणाऱ्यांना तिथल्या बायका जे बोलतात ते इथे लिहिता येत नाही.

साडेनऊ: बाजार

परत वसईगावात या. पारनाक्यावर चहा घ्या आणि होळी नावाच्या बाजारात जा. वाडीवाल्या बायका स्वतःच्या मळ्यातला माल घेऊन बसतात: वेलची केळी, अळू, माठ, पापडी, चाफ्याच्या पुड्या, विड्याची पानं. उशिरा गेलात तर बऱ्याच टोपल्या रिकाम्या. या बायकांच्या आधीच्या पिढ्या पहाटेची पहिली गाडी पकडून हाच माल दादरला नेत. माझ्या आजेसासूबाईंना लोकलचं वेळापत्रक पाठ होतं, लिहिता-वाचता येत नव्हतं.

हिवाळ्यात इथे किंवा पुढे नंदाखाल-आगाशीकडे सुकेळी मिळतात. बाहेरगावच्यांनी घेऊन जायची वस्तू ही. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रात्री दव लागू नये म्हणून आत घ्यायची, मग वाळलेल्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळून सोपटाने बांधायची. साखर नाही, काही नाही. पुडी सोडली की आत मधाच्या रंगाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. निवडताना वरून दाबा. मऊ लागली पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. काळपट झालेली घेऊ नका. राजेळीची लागवड कमी होत चालली आहे आणि हे काम वेळखाऊ, त्यामुळे भाव ऐकून दचकू नका, घासाघीसही करू नका. घरी नेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मी पहिल्या वर्षी आईला तशीच पाठवली, चार दिवसांत बुरशी.

दहा ते साडेबारा: वाड्यांतून चालत

दिवसाचा हा भाग मुख्य आहे आणि यात बघण्यासारखं "ठिकाण" एकही नाही. वसईगावातून गिरीजच्या दिशेला निघा. मोठा रस्ता सोडून आतल्या आळ्यांचा रस्ता धरा. चुकाल, पण हरकत नाही. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला रेल्वे, या दोघांच्या मध्ये कुठे हरवणार? रस्ता विचारा. ओटीवर बसलेला माणूस रस्ता सांगता सांगता "कुठून आलात" विचारतो आणि दहा मिनिटं जातात.

पाहुण्यांना एका गोष्टीचा नेहमी अचंबा वाटतो. दारावर पाटी डाबरे, तुस्कानो, घोन्साल्विस अशी, अंगणात क्रूस, आणि आतून आजी शुद्ध मराठीत ओरडतेय. इथली मिस्सा मराठीत होते, घरातली बोली सामवेदी. बागायती करणाऱ्या वाडवळ समाजाची बोली निराळी, कोळ्यांची निराळी. माझ्या सासरची वाडवळी समजायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा "तुम्ही मराठी बोलता?" हा प्रश्न कुणालाही विचारू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. उस्मानाबादला २०२० च्या जानेवारीत झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याआधी कित्येक वर्षं ही हिरवळ वाचवायला ते रस्त्यावर उतरले होते.

ती हिरवळ उभी कशावर आहे ते समजायला बावखल बघा. नुसतं तळं समजून पुढे जाऊ नका. वाडीच्या सखल कोपऱ्यात खोदलेला उथळ खड्डा, काठ बांधलेला नाही, तळ मातीचा. पावसाचं पाणी यात साचतं आणि वाळूतून झिरपत आजूबाजूच्या विहिरींकडे जातं. समुद्र इतका जवळ की जमिनीखाली खारं पाणी टपलेलंच असतं. बावखलातून मुरलेलं गोडं पाणी त्याला वर येऊ देत नाही. पूर्वी शेजारी रहाट असायचा, बैल फिरायचे, पोहरे भरून पाणी पाटात पडायचं. आता पंप आहेत. रहाटाचं लाकडी चाक दिसलंच तर ते बहुधा कुणाच्या तरी अंगणात शोभेला ठेवलेलं असतं.

आमच्या मागच्या बावखलाच्या काठाला भेंडीचं जुनं झाड आहे, भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावरचा मोठा वृक्ष. सकाळी त्याची फुलं पिवळीधमक उमलतात, दुपारनंतर तांबूस होतात आणि पाण्यात पडतात. खंड्या एका ठरलेल्या फांदीवर येऊन बसतो. पाहुण्यांची पोरं मोबाइल विसरून तिथे अर्धा तास काढतात, हे मी पाहिलंय.

शेजारच्यांनी त्यांचं बावखल भरून टाकलं. जमीन विकायची होती, खड्ड्याचे पैसे कोण देणार? दोन उन्हाळ्यांनी आमच्या विहिरीच्या पाण्याची चव बदलली. चहा नासायला लागला तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं. भांडण झालं नाही, पण सासरे त्यांच्या मुलाच्या लग्नाला गेले नाहीत. आईने विचारलेला प्रश्न अगदीच वेडा नव्हता. नव्वदीच्या आसपास इथल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून इमारतींना विकलं जात होतं, वाळू उपसली जात होती आणि विहिरी खारावत होत्या. आंदोलनं झाली ती त्यातूनच.

चालताना काही गोष्टी सांभाळा. कुंपण किंवा बांबूची आडवी काठी असेल तर आत जायचं नाही, काठी ओलांडायला सोपी असली तरी. पाट ओलांडताना त्यात पाय देऊ नका, मातीचा काठ फुटला की पाणी भलतीकडे जातं आणि म्हाताऱ्या माणसाला कुदळ घेऊन यावं लागतं. चाफा तोडू नका. तुम्हाला ते झाडावरचं एक फूल, वाडीवाल्याला ती उद्याची पुडी. लाल लुगड्यातल्या आजी दिसल्या की लोक कॅमेरा काढतात. आधी बोला, मग विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात, काही जणी पदर सारखा करून यायला आत जातात. थांबा त्यांच्यासाठी. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर बाहेर उभे राहा.

गिरीजला हिराडोंगरी चढा. टेकडी लहान, वर दत्ताचं देऊळ. पंधरा मिनिटांचं काम. वरून दिसतं ते बघायला या उन्हात चढायचं: एका बाजूला नारळाच्या शेंड्यांचा सलग हिरवा थर, मधूनच चर्चचा पांढरा माथा, पलीकडे समुद्राची रेघ. आणि मागे वळलात तर इमारतींची भिंत, दरवर्षी थोडी पुढे सरकलेली.

दुपार

जेवण मासळीचं घ्या, वसईगावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत. बोंबील, कोलंबी, जे ताजं असेल ते. हिवाळ्यात कुणाच्या घरी ओळख असेल तर उकडहंडीचा वशिला लावा. कोनफळ, शेंगा, वाल, कच्ची केळी असं सगळं मडक्यात वाफवलेलं. हॉटेलातल्या उकडहंडीवर माझा भरवसा नाही. नाताळात कुपारी, म्हणजे सामवेदी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरात बोलावणं आलं तर फुगे खायला मिळतील, मैद्याचे आंबवून तळलेले, मटणाच्या रश्श्यात बुडवायचे.

जेवणानंतर एक ते तीन काही करू नका.

मग दोन वाटा आहेत. इतिहासाची आवड असेल तर नालासोपारा पश्चिमेला सोपारा गावात जा. हे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खोदला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी इथे सापडला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. जागेवर उरलाय तो विटांचा उंचवटा आणि झाडं. गावात चक्रेश्वराच्या देवळाजवळ ब्रह्मदेवाची मोठी मूर्ती आहे, ती चुकवू नका. ज्यांना विटांच्या ढिगात रस नाही त्यांनी निर्मळला जावं. तळं, टेकाडावर शंकराचार्यांच्या समाधीचं देऊळ, जवळच चर्च. तळ्याच्या पायऱ्यांवर दुपार उतरते तेव्हा बसायला याहून बरी जागा वसईत नाही, असं माझं मत. सासरे म्हणतात भुईगाव. आमचं यावर एकमत व्हायचं नाही.

संध्याकाळ: आता समुद्र

भुईगाव किंवा राजोडी. दोन्हीकडे सुरूची झाडं आहेत. कळंब आणि अर्नाळ्याला रिसॉर्ट आहेत, स्पीकर असतात. हिवाळ्यात भुईगावला कुरवांचे थवे उतरतात, ओहोटीच्या ओल्या वाळूवर पांढरी रांग दिसते. त्यांच्या मागे धावून उडवण्यात पोरांना मजा वाटते, पण लांबून आलेली पाखरं ती, बसू द्या.

वाळू राखाडी आहे, कोकणच्या खालच्या अंगासारखी सोनेरी नाही. पाणीही गढूळ. पोहायला उतरू नका. घोट्यापर्यंत ठीक, पावसाळ्यात तेही नको. आणि गाडी वाळूत घालू नका. माझ्या नंदेच्या यजमानांनी नवी गाडी फोटोसाठी ओल्या वाळूत नेली. ओहोटी आहे म्हणाले. ओहोटी संपलेली होती. चाकं रुतली, पाणी वाढत आलं, शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरवाला दोरखंड आधीच बांधून आला होता. त्याला रविवारची ही कामं नवी नव्हती.

एक दिवस जास्त असेल तर अर्नाळ्याहून होडीने बेटावरच्या किल्ल्यात जाता येतं. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे. पण ते आजच्या दिवसात कोंबू नका.

परतताना

वसई रोडला परत येऊ नका, विरारला जा. आगाशीहून विरार स्टेशनला बस आणि रिक्षा आहेत. वाटेत आगाशीला भुजिंग खा, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे. दिसायला साधं, पण हात थांबत नाही. विरारहून गाडी सुटते तेव्हा रिकामी असते, खिडकी मिळते. वसईला चढलात तर ती आशा सोडा.

सोनचाफ्याची पुडी घेतली असेल तर ती बॅगेत कोंबू नका आणि वर रॅकवरही ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्याने दादरपर्यंत पाकळ्या मलूल होतात. पानासकट मांडीवर ठेवा. घरी गेल्यावर पान थोडं ओलं करून पुडी तशीच बांधून ठेवायची, सकाळपर्यंत टिकते.